दोषांचे पुनर्वसन

सिंथेसायझरमध्ये मूळ नाद ज्या घटकातून निघतो त्याला ऑसिलेटर, म्हणजेच दोलक, म्हणतात. नाद गाळणारा फिल्टर, त्याला चढउतार देणारी यंत्रणा आणि शेवटी सर्वांवर पांघरूण घालणारा प्रतिध्वनी हे त्याच्यानंतर येतात, त्यामुळे दोलकाची गत पंगतीतल्या वरणभातासारखी असते, म्हणजे तो चांगला झाल्याचे कोणी सांगत नाही आणि बिघडल्याचे मात्र मठ्ठा वाढणाऱ्यालाही ऐकावे लागते. हा दोलक निव्वळ सॉफ्टवेअरमध्ये रचला जातो तेव्हा वापरणाऱ्यांच्या तक्रारी हेच त्याच्या सुधारणेचे मुख्य साधन असते, आणि या तक्रारींच्या अभ्यासकास असे आढळते की त्यांच्या पूर्वार्धात एखादा दोष काढून टाकण्याची मागणी असते व उत्तरार्धात तोच दोष परत देण्याची.

याचे मूळ यंत्राच्या इतिहासात आहे. रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलेल्या रचनेत दोलकाला एक व्होल्ट अधिक दिला की सूर एक सप्तक वर जावा असा हिशेब होता. परंतु ट्रान्झिस्टरला हिशेबापेक्षा हवामान अधिक कळत असल्यामुळे १९७० च्या मिनीमूगमधील तीन दोलक मंचावरील दिव्यांच्या उष्णतेत तीन भावंडांप्रमाणे वेगवेगळी मते बाळगू लागत. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये दहा दोलक होते, म्हणून त्यांना एकमताने वागवण्यासाठी एक स्वतंत्र बटण द्यावे लागले, आणि १९८२ मध्ये रोलंड कंपनीने जुनो-६ मध्ये दोलकाला डिजिटल घड्याळाच्या ताब्यात देऊन हा प्रश्न जवळजवळ मिटवला. सॉफ्टवेअरमध्ये तर तो उद्भवतच नाही, कारण तेथे ४४० हर्ट्झ मागितले तर चैत्रात आणि पौषात ४४०च मिळतात. यावर वापरणाऱ्यांचा अभिप्राय असा आला की आवाज निर्जीव आहे. खड्डे बुजवल्यावर रिक्षाचालकाने रस्त्याला पूर्वीची मजा राहिली नाही असे म्हणावे, तसाच हा प्रकार होय. पण ग्राहकाशी वाद घालता येत नसल्याने अनेक सॉफ्टवेअर दोलकांवर ‘ड्रिफ्ट’ नावाचा नॉब आला, जो सूर काही सेंट इकडेतिकडे हलवतो. सेंट म्हणजे सप्तकाचा १,२००वा भाग. मंचावरचा दिवा जे काम फुकट करीत असे, त्यासाठी आता यादृच्छिक संख्यांचे सूत्र लिहिले जाते.

दुसरा दोष मात्र अस्सल डिजिटल कुळातला आहे. करवती तरंग, म्हणजे हळूहळू चढून एकदम कोसळणारा तरंग, मूळ कंपनसंख्येच्या सर्व पटींतील उपस्वर सोबत घेऊन येतो. उलट संगणक दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असेल, तर त्याला २२,०५० हर्ट्झपर्यंतचेच स्वर खऱ्या जागी दाखवता येतात आणि त्यावरचे आरशातल्यासारखे खाली परततात. यास एलियासिंग म्हणतात. ५,००० हर्ट्झचा करवती तरंग घेतला तर त्याचा आठवा उपस्वर ४०,००० वर असावयाचा तो ४,१०० वर, आणि नववा चक्क ९०० वर येऊन बसतो. खापरपणतू मूळ पुरुषापेक्षा वडीलधारा होऊन ओसरीवर बसावा आणि कुळाशी त्याचे काडीचे नाते लागू नये, असा हा अनवस्था प्रसंग होय. यावर कोसळण्याच्या जागेची धार बहुपदीने बोथट करणे हा एक उपाय आहे. अनेकपट नमुने घेऊन मग ते गाळणे हा दुसरा, परंतु त्याने संगणक इतका तापतो की त्याचा पंखा हाच एक जादा दोलक ठरतो आणि त्याचीही तक्रार येते. एवढे सोसून दोष दूर करावा, तर जुन्या गाण्यांतली ‘किरकिर’ कोठे गेली अशी विचारणा होते, कारण ती किरकिर त्या गाण्यांचा भाग झालेली असते; तेव्हा आराखड्यात ‘जुनी पद्धत’ असे एक बटण वाढते.

मिरजेच्या तंबोरा घडवणाऱ्या कारागिरांना असल्या अभिप्रायांचे नवल वाटू नये. गवई जवारी बंद वाटते म्हणतो, आणि कारागीर घोडी घासतो किंवा तारेखालचा दोरा किंचित सरकवतो. विशेषण तेथेही संदिग्धच असते, मात्र तंबोरा समोर असतो. सॉफ्टवेअर रचणाऱ्याच्या हाती ‘उबदार’, ‘जाड’, ‘थंड’ एवढीच सामग्री येते, आणि एकाचे जाड ते दुसऱ्याचे गढूळ असते. क्वचित एखादी तक्रार नेमकी असते: चौकोनी तरंगाच्या स्पंदाची रुंदी शून्य टक्क्यांवर नेली की आवाज बंद होतो. तो व्हावाच, कारण शून्य रुंदीचा स्पंद म्हणजे स्पंदच नव्हे. तरीही नॉबला पाच टक्क्यांच्या अलीकडे जाण्यास बंदी घातली जाते, आणि गणिताच्या दृष्टीने अन्याय्य असली तरी ही सुधारणा योग्यच आहे.

तक्रार लिहिणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती आहे की आवाजात जान नाही असे कळवताना सूर, नमुन्यांचा दर आणि नॉबांच्या जागाही कळवाव्यात, व त्याआधी ड्रिफ्टचा नॉब शून्यावर तर नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.