एकाच डब्याच्या भरवशावरील सीसीटीव्हीबाबत अनावृत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व खजिनदार,
समस्त काटकसरी गृहनिर्माण संस्था.

विषय : केबल मोडेम व वायफाय राउटर यांच्या जोडडब्यावरच सर्व कॅमेरे चालवण्याबाबत.

महोदय,

केबलवाल्याने दिलेल्या डब्यात मोडेमही आहे आणि राउटरही, तेव्हा कॅमेऱ्यांसाठी वेगळा खर्च कशाला, हा खजिनदारांचा युक्तिवाद बिनतोड आहे. मोडेम संस्थेला इंटरनेटशी जोडतो आणि राउटर आतल्या उपकरणांना एकमेकांशी. कॅमेऱ्याचे चित्र आवारातल्याच एनव्हीआर या रेकॉर्डरवर साठवायला इंटरनेट लागतच नाही, ही किरकोळ बाब इतिवृत्तात आली नाही तरी चालेल.

डब्याच्या पाठीला बहुधा चारच लॅन पोर्ट असतात आणि त्यांतून कॅमेऱ्याला वीज मिळत नाही. उलट पीओई स्विच ८०२.३एएफ मानकानुसार प्रत्येक पोर्टमधून १५.४ वॉटपर्यंत वीज देतो. वीज आणि चित्र १०० मीटरपर्यंत एकाच केबलमधून जातात. काटकसरी संस्था त्याऐवजी वायफाय कॅमेरे घेते आणि प्रत्येकासाठी अडॅप्टर, प्लग व वायर ओढून त्यांना बिनतारी म्हणते.

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. त्यांवर प्रत्येक फ्लॅटचे वायफाय आधीच बसलेले असते. त्यात फाटकावरचा कॅमेरा रखवालदाराच्या पत्र्याच्या केबिनआड असला, तर गाडी आत शिरेपर्यंत चित्र नीट दिसते आणि नंबरप्लेट समोर येताच थिजते.

१०८०पी चित्राला एच.२६४ पद्धतीत सुमारे ४ एमबीपीएस लागतात. आठ कॅमेरे सतत क्लाउडवर पाठवायचे, तर ३२ एमबीपीएस अपलोड हवा. केबलच्या जोडणीत डाउनलोडच्या मानाने अपलोड तोकडा असतो. शिवाय एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी डेटा पाठवतो. आठांचा महिन्याचा हिशेब १० टीबीवर जातो. बिल पाहून खजिनदारांचा युक्तिवाद पुन्हा तपासता येईल.

सुरक्षेची बाजू त्याहून भक्कम आहे. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवावा, मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग करावे, आपोआप पोर्ट उघडणारे यूपीएनपीही चालू ठेवावे. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने असेच मूळ पासवर्ड वापरून कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच फौजेने डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कोलमडल्या. आयत्या बिळावर नागोबा बसतो, तो असा.

दुकानातल्या एकदोन कॅमेऱ्यांना जोडडबा पुरतो. पासवर्ड बदलला आणि यूपीएनपी बंद केले की झाले. संस्थेने मात्र डबा ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे नुसता मोडेम म्हणून वापरून, स्वतःचा राउटर लावावा, म्हणजे एकामागे एक दोन राउटरांमुळे होणारी दुहेरी नॅटची कटकट टळते. कॅमेरे आणि एनव्हीआर पीओई स्विचवर, वेगळ्या व्हीलॅनमध्ये असावेत. बाहेरून चित्र पाहायचे ते व्हीपीएनमधून. स्विच आणि एनव्हीआरला यूपीएस द्यावा. मग वीज गेली किंवा इंटरनेटची केबल तुटली तरी चित्रण थांबत नाही.

हा खर्च नामंजूर असल्यास संस्थेने विद्यमान व्यवस्थाच कायम ठेवावी. चोरांची त्याबाबत कोणतीही तक्रार नाही.

माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.

प्रत : रखवालदार, मुख्य फाटक (गाड्यांचे नंबर पूर्वीप्रमाणे वहीत लिहिण्याच्या सूचनेसह).