अंडी की रस्सा?

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. अंडी पक्ष आईचा, रस्सा पक्ष काकांचा. युती झाली ती फक्त कोंबडीच्या जातीवर. ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे गावच्या तोंडी ‘आरआयआर’. पिल्लं देणारा म्हणालाच होता, “अंड्याला पण चालते, मटणाला पण.” भांडणाचं बी त्याच वाक्यात होतं.

हिचं माहेर अमेरिकेतलं सगळ्यात चिमुकलं राज्य. तिथल्या लिटल कॉम्प्टनकडच्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात मलायी कोंबडा, शांघायच्या कोंबड्या असलं काय काय एकत्र आणून ही घडवली. इतकी सरमिसळ असूनही १९०४ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननं जातीचा दाखला दिला. आमच्याकडे पडताळणीतच पिढी गेली असती! १९२५ मध्ये अ‍ॅडम्सव्हिलला तिचं स्मारक झालं, १९५४ मध्ये ती राज्यपक्षी झाली. आपण हरियाल निवडला. तो दिसतही नाही. त्यांचा पक्षी दिसतो आणि शिजतोही.

अंगलट विटेसारखी लांबट-चौकोनी, रंग गडद तांबूस, शेपटीच्या काळ्या पिसांवर उन्हात हिरवी झाक. काका हे काही बघत नाहीत. ते कोंबडी उचलून हातानं तोलतात. भरलेली मादी तीन किलोच्या घरात जाते, नर चारच्या. आई कानाची पाळी बघते. पाळी लाल, म्हणून अंडं तांबूस. वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी, आणि खुडूक बसायचं नाव सहसा नाही. म्हणजे पिल्लं हवीत तर हिची अंडी शेजारच्या गावठीखाली सरकवायची. ती बिचारी एकवीस दिवस परक्याचा संसार उबवते.

बाजारात तांबूस कवच दिसलं की गिऱ्हाईक आपणहून ‘गावठी ना?’ म्हणत जास्तीचे पैसे काढतं. रंग जातीचा, आतला बलक, सत्त्व पांढऱ्या अंड्यासारखंच. आई खोटं बोलत नाही. ती बोलतच नाही.

खरी लढाई कोंबडीला दोन वर्षं झाली की सुरू होते. अंडी रोडावतात आणि काका वाटणाला खोबरं भाजायची भाषा करू लागतात. मागे आईच्या लाडक्या म्हातारीवर अशीच वेळ आली. “अजून घालते हो,” म्हणून आईनं काकांना खुराड्याशी नेलं. पेंढ्यात अंडं होतं खरं. पण घरची सगळी बाजारात गेलेली, त्यामुळे ते दुकानातलं.

“वहिनी, आरआयआरचं अंडं पांढरं?”

“वय झालं की सगळंच पांढरं होतं, भावजी.”

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. रस्स्याचा विषय दिवाळीपर्यंत तहकूब झाला.