साकोलीच्या गाडीत बर्लिनचा वास

‘मॉलिक्यूल 01’ नावाचं एक अत्तर आहे. बर्लिनच्या गेझा शोन यांनी ते 2006 साली बाजारात आणलं. त्यात गुलाब नाही, मोगरा नाही, चंदन तर नाहीच. ‘आयसो ई सुपर’ नावाचं प्रयोगशाळेत जन्मलेलं एकच सुगंधी रसायन, अल्कोहोलात मिसळलेलं. बाईनं लावा, बाप्यानं लावा. खरी गंमत पुढं आहे. काही नाकांना हा वास येतच नाही, आणि ज्यांना येतो त्यांचाही तो मधूनच गुल होतो. म्हणजे पैसे आपण मोजायचे आणि वास शेजाऱ्यानं घ्यायचा!

पुण्याच्या भाचीनं त्याची नमुन्याची चिमुकली कुपी हातात ठेवली. ‘‘मामा, तुम्हाला सूट होतं का बघा.’’ आता स्वतःला न येणारा वास स्वतःला शोभतो की नाही, हे ठरवणार कोण? त्यासाठी माणसं हवीत, आणि तीही तोंडावर बोलणारी. साकोलीला सासरकडचं लग्न निघालंच होतं.

नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर मानेला, मनगटाला अत्तर चोपडून एसटीत बसलो. एप्रिलचं ऊन, पारा चाळिशीपार. मौदा येईस्तोवर कुणी हूं की चूं केलं नाही. मग पुढच्या सीटवरचं पोरगं वळून माझ्याकडे बघत म्हणालं, ‘‘आई, या काकाजीचा शॉपनरचा वास येऊन राह्यला.’’

पोराच्या नाकाला दंडवत घातला पाहिजे. पेन्सिलीला सीडरचं लाकूड वापरायची जुनी पद्धत, आणि या रसायनाचा वासही त्याच जातीचा. मोठमोठे अत्तरपारखी जे पानभर लिहितात, ते त्यानं दुसरीच्या दप्तरातून काढून दाखवलं.

कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता हुंगलं. ‘‘आरामशीनवर असता का भाऊ?’’

‘‘नाही, बँकेत होतो.’’

‘‘मंग असू द्या,’’ म्हणाला आणि उरलेले सुटे पैसे द्यायचे विसरून पुढं गेला.

भंडाऱ्याला उतरलो. पितळेच्या भांड्यांचं गाव, तेव्हा आहेराचा गुंड इथूनच घ्यायचा ठरला होता. दुकानदारानं तो उलटासुलटा करून, टिचकी मारून दाखवला. माझ्या मनगटाला पितळेचा उग्र वास लागला, तो मात्र मला चांगला आला. वास्तविक धातूला स्वतःचा असा वास नसतो. हात लागला की कातडीवरच्या तेलकटपणाशी क्रिया होऊन तो तयार होतो. बर्लिनचं जाऊ द्या, माझ्या अंगाचं अत्तर भंडाऱ्यातच फुकट तयार होत होतं.

पुढची गाडी वैनगंगेच्या पुलावरून कारधा, लाखनी करत साकोलीला पोचली. लग्नघरी पाऊल टाकतो न टाकतो तोच मेव्हणी म्हणाली, ‘‘भाऊजी, अंगाले पालिस मारून आले काय?’’ तिथून घरभर चर्चा. कुणाला नव्या कपाटाचा वास आला, कुणाला देवघराचा, सासरेबुवांना काहीच आला नाही. त्यांनी उगीच संशयानं माझ्याकडे पाहिलं. हा वास बाईचा की पुरुषाचा, हे मात्र एकानंही विचारलं नाही. का विचारावं? दारात अत्तरदाणी घेऊन उभा असलेला पोरगा काकांच्या मनगटाला लावत होता तेच मावशीच्याही लावत होता. कूलरच्या वाळ्याचा गारवा वरपक्ष-वधूपक्ष न बघता सगळ्यांना मिळत होता. कॅल्विन क्लाइननं 1994 साली ‘सीके वन’ स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणून काढलं तेव्हा तिकडं केवढा गाजावाजा झाला! आमच्याकडं हळदीकुंकवाला आणि मुशायऱ्याला अत्तर कधीपासून एकाच कुपीतून जातंय.

संध्याकाळी मागच्या अंगणात गेलो. पहाटे वेचून आणलेली मोहफुलं तिथं वाळत टाकली होती, कडेची मनुकांसारखी सुरकुतलेली. तो गोड, आंबूस, जडशीळ वास एकदा नाकात शिरला की दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही. राखणीला बसलेल्या म्हाताऱ्या आजीपुढं मी मनगट धरलं. तिनं मन लावून हुंगलं, पुन्हा हुंगलं.

‘‘घामाचा येते,’’ ती म्हणाली. ‘‘नहाऊन घे बाप्पा.’’

न्हालो. त्यानंतर बायकोनं उरलेल्या कुपीतला थेंब लावला, आणि मला तो वास पहिल्यांदाच आला: कोरडा, मंद, रंध्यानं नुकत्याच तासलेल्या लाकडाचा. सुरेख. तिला काही म्हणता काही येत नव्हतं.

तेव्हा निकाल असा: हे अत्तर मला शोभत नाही, बायकोला शोभतं. ज्यांना घ्यायचं असेल त्यांनी थेट मोठ्या बाटलीवर उडी मारू नये. नमुन्याची कुपी घ्यावी, ती भर उन्हाळ्यात दिवसभर अंगावर वागवावी, आणि मत स्वतःच्या नाकाचं न घेता विदर्भातल्या सासरचं घ्यावं. न विचारता मिळतं.