चकाकीचा आजा

मिक्सर असो की मोटार, कारखान्यात जाण्याआधी तिचं मॉडेल बनतं. ते कधी असतं लाकडाचं, कधी पीओपीचं, पण दिसायला हवं चकचकीत प्लास्टिकचं. जो पदार्थ बादल्या-मगांच्या भावात विकला जातो, त्याच्यासारखं दिसायला सागवानाने आठवडाभर घासून घ्यायचं, म्हणजे पाटलाने सालगड्याची नक्कल करण्यातला प्रकार. त्यातून ही नक्कल उलटी चालली आहे. मुळात नक्कल केली ती प्लास्टिकने, लाखेची. १९०७ साली बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने बेकेलाइट हे प्लास्टिक काढलं, ते विजेच्या कामात लागणाऱ्या लाखेला पर्याय शोधता शोधता. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्याच. ‘लॅकर’ हा ऐटदार शब्दही लाखेच्याच पोटचा. म्हणजे प्लास्टिकचा आजा (खरं तर आजीच, कारण लाख बहुतेक मादी किडाच गाळतो) गोंदिया जिल्ह्यात पळसाच्या फांदीला चिकटून बसलेला आहे. गोंदिया हे नाव गोंडांवरून पडलं की गोंदावरून, यावर वाद आहे. पण गोंद आणि लाख या दोन्हींचा व्यापार इथे चाले, हे दोन्ही पक्षांना मान्य.

वंशावळ असेल, पण दिसणं? तर लाल बादलीवर पडलेली खिडकीची प्रतिमा पाहा. ती लाल दिसत नाही, पांढरी दिसते. पितळी तांब्यावर मात्र तीच खिडकी पिवळी होते. प्लास्टिक समोरून आलेल्या उजेडातला जेमतेम ४ टक्के भाग, त्याचा रंग न बदलता, वरच्यावर परत पाठवतं, लाखेचंही तेच. म्हणून चकाकी रंगात शोधणाऱ्याच्या हाती डबाच राहतो. ती असते सपाटीत. ‘मग स्प्रेचा डबा मारा, पाच मिनिटांचं काम!’ असं सांगणारे भेटतात. त्यांना एवढंच सांगायचं, की चकचकीत थर खड्डा बुजवत नाही, त्याची जाहिरात करतो. लांबी भरायची, ४०० पासून पुढच्या नंबरांचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवायचा, मग रंग आणि शेवटी स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा, म्हणजे पुन्हा लाखच. कापसाच्या बोळ्यावर मलमलीचं फडकं, त्यावर तेलाचा एक थेंब, आणि हात कुठेही थांबवायचा नाही. थांबलात की फडकं तिथेच चिकटतं आणि मालकाचा अंगठा असल्यासारखा ठसा राहतो.

चपड्याची तांबूस झाक पांढऱ्या मिक्सरला चालणार नाही, ही हरकत रास्त. त्यासाठी विरंजन केलेली लाख मिळते. चपडा टिकत नाही म्हणाल, तर मॉडेलला टिकायचं असतं मीटिंग संपेपर्यंत. उष्णतेची तक्रार मात्र खरी: गरम कप टेकला की चपड्यावर पांढरं कडं उमटतं. तेव्हा गिऱ्हाइकाला चहा जरूर द्यावा, पण बशीसकट आणि दुसऱ्या टेबलावर.