वकील निवडावा तर असा

बांधाच्या दाव्याला वकील शोधायचा, तर तालुक्याच्या कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीसारखं ठिकाण नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. तेव्हा त्यांच्या गुणांची खबर टपरीवाल्यालाच असणार, हे उघड आहे. आमच्या टपरीवाल्यानं एका वाक्यात निवाडा दिला, "जज्जसाहेब त्यांना नावानिशी ओळखतात." रोज तारीख मागायला उभ्या राहणाऱ्याचं नाव कुणालाही पाठ होईल, अशी शंका धाकट्या भावानं काढली. तो शिकलेला आहे, म्हणून सोडून दिलं.

वकीलसाहेबांनी कागद बघितलेच नाहीत. जो वकील सातबारा उलगडतो, फेरफार वाचत बसतो, मोजणीची 'क' प्रत मागतो, त्याला स्वतःचीच खात्री नसते. हे म्हणाले, "केस खिशात आहे." खिशातून पानाची चंची डोकावत होती. आम्ही तिघांनी कोऱ्या वकीलपत्रावर सह्या ठोकल्या. फी आत्ता थोडी, निकालानंतर दोन गुंठे. निकालावर फी ठरवणं वकिलांच्या नियमांत बसत नाही म्हणे. पण अशिलासाठी नियम मोडणारा वकील पुण्यात तरी मिळेल का?

आत्या दाव्यात वादी आहे. ती मध्येच म्हणाली, विधी सेवा समितीकडून बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७चा कायदाच आहे. फुकटच्या वकिलाला कोर्टात कोण विचारतं, असं सांगून तिला गप्प केलं.

साहेबांचं खरं कसब तारखांत. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय. यांनी नऊ मिळवल्या. दर तारखेला तीनशे रुपये, चहा वेगळा. कारण काय दिलं विचारलं की हसून पाठीवर थाप मारायचे. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही.

पुढं म्हणाले, "तुम्ही कशाला हेलपाटा घालता, मी आहे ना." एसटीचं भाडं वाचलं. दहाव्या तारखेला पुकारा झाला तेव्हा आम्ही कांदा काढत होतो आणि साहेब दुसऱ्या कोर्टात होते. प्रतिवादी मात्र वकिलासह हजर. दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. असा दावा पुन्हा फाइलवर घ्यायला ३० दिवसांत अर्ज द्यावा लागतो. आम्हाला कळलं ३४व्या दिवशी, त्याच टपरीवर.