पोच

नीरेच्या डाव्या कालव्याच्या शेपटाला जन्मास आलेल्या माणसाला दोन पाण्यांची ओळख असावी लागते. एक पाटातून येते ते, आणि दुसरे अर्जातून मिळते ते. १८८५ च्या सुमारास हा कालवा बारामतीवरून इंदापुराच्या दिशेने वाहू लागला, आणि दुष्काळाने वारंवार होरपळलेल्या या मुलखात ऊस आणि कज्जे ही दोन्ही पिके बारमाही झाली. पुढे विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली आणि कोणत्या रानाला कोणत्या पिकासाठी पाणी, हे मंजुरीच्या कागदावर आणले. परंतु त्या कागदाच्या ओलाव्यावर लासुर्ण्याच्या आसपास मनुष्याचा एक स्वतंत्र वाणच पुढे फोफावेल, याची त्या थोर अभियंत्याला कल्पना असणे शक्य नव्हते. या वाणाला अर्जदार आजोबा म्हणावे. आमचे आबा त्यातले अस्सल बेण्याचे होते.

अर्जदार आजोबा निरक्षर नसतो, आणि फार शिकलेलाही नसतो. त्याचे शिक्षण चावडी, कालव्याची चौकी आणि मामलेदार कचेरीचा व्हरांडा या तीन विद्यापीठांत पुरे झालेले असते. बोलताना ‘आरं, दारं धराय कोण जाणार रं आज?’ असे विचारणारा हाच गृहस्थ एकदा का जोत्यावर बैठक मारून, फुलस्केप कागदाला चौथाईचा मुडपा घालून, दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर चढवून लेखणी उचलू लागला, की त्याच्या मुखातून ‘सबब मेहेरबानांनी सदरहू बाबीची समक्ष चौकशी होऊन न्याय मिळावा, तसदीबद्दल क्षमा असावी’ अशी भाषा पाझरू लागते. आबांच्या अर्जात ‘सदरहू’ हा शब्द इतक्या वेळा येई, की लहानपणी आम्हांस तो भाऊबंदांपैकीच कोणी असावासा वाटे. पाण्याच्या सात नंबर अर्जापासून विजेच्या वाकलेल्या खांबापर्यंत जगातील कोणतीही वस्तू त्यांना अर्जायोग्य वाटे. आषाढात तुकोबांची पालखी बेलवाडीच्या गोल रिंगणाला यायची तेव्हा ते हात जोडून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. तो अभंग असावा अशी आमची समजूत होती, ती एकदा जवळ उभे राहिल्यावर ‘तरी कृपावंत होऊन’ हे शब्द कानी पडल्यामुळे बरीचशी ढळली.

या वाणाला खरा बहर आला तो खंडकऱ्यांत. ज्यांच्या वाडवडिलांनी साखर कंपन्यांना खंडाने जमिनी दिल्या, आणि १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर ज्यांच्या जमिनी १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या, त्यांच्या घरी आजाने अर्ज करावा आणि नातवाने त्यावर स्मरणपत्र द्यावे अशी परंपराच होती. २०१२ साली जमीनवाटप सुरू झाले तेव्हा मूळ अर्जदारांपैकी पुष्कळ मंडळी यमधर्माच्या कचेरीत कायमची रुजू झाली होती. आबा खंडकरी नव्हते, याचे त्यांना मनस्वी वैषम्य होते. पन्नास वर्षे रेंगाळू शकेल असे प्रकरण दैवाने इतरांच्या पदरी टाकावे आणि आपल्याला मात्र चारीच्या मुरमाचे आणि बांधाचे किरकोळ वाद द्यावेत, हा अन्याय सहन करीत त्यांनी वालचंदनगर-जंक्शनकडच्या कित्येक खंडकऱ्यांचे अर्ज हौसेने आणि फुकट लिहून दिले.

अर्जाचा निकाल काय लागतो याविषयी आबा उदासीन असत. त्यांचा जीव गुंतलेला असे तो पोचेत. टपाल घेणाऱ्या कारकुनाने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, खाली तारीख आणि सही केली, की त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागे. ‘पोच घेतली का?’ हा प्रश्न ते कचेरीहून येणाऱ्यालाच विचारीत असे नाही. दळण टाकून आलेल्या सुनेलाही विचारीत, आणि भवानीनगरच्या कारखान्यावर उसाची गाडी खाली करून आलेल्या चुलत्यांना तर काट्याची पावती दाखविल्याखेरीज पाण्याचा तांब्या मिळत नसे.

गेल्या साली आबा वारले. पाण्याची पाळी रात्रीची होती, दारे धरायला कोण जाणार याची चौकशी त्यांनी संध्याकाळीच केली होती, आणि पहाटे ते उठले नाहीत. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही, आणि असते तरी मला ते सांगवले नसते. तेरावा झाल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत तांबड्या रुमालांत बांधलेले दफ्तर होते: फेरफार, खातेउतारे, मोजणीचे नकाशे, पाणीपट्टीच्या पावत्या; आणि सर्वांत खालच्या रुमालात घरगुती पोचा. चौथी पास झाल्याबद्दल रोख पाच रुपये मिळाल्याची माझी सही होती, वाकड्या अक्षरात. दिवाळीचे लुगडे मिळाल्याबद्दल आजीचा अंगठा होता, आणि त्याखाली आबांच्याच हस्ताक्षरात, प्रामाणिकपणे, ‘रंगाबाबतची हरकत राखून’ असा शेरा होता. आजीने तो कागद वाचून घेतला, पदर डोळ्यांना लावला, आणि ‘रंग वंगाळच हुता’ म्हणाली.

त्याच रुमालात दादांच्या सहीचा एक कागद निघाला. दादा म्हणजे आबांचे चुलतभाऊ आणि बांधाच्या दाव्यातले प्रतिवादी. बांध कोणी कोरला हा प्रश्न दोघांनी तरुणपणी कोर्टात नेला आणि म्हातारपणापर्यंत तो सुटू दिला नाही. तारखेला दोघे एकाच एस.टी.ने जात, एका तारखेचे तिकीट आबांनी काढायचे, पुढच्या तारखेचे दादांनी, आणि दुपारी कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली एकाच फडक्यातली भाकरी खाऊन पुन्हा आपापल्या वकिलाशेजारी जाऊन उभे राहायचे. दादांना पुण्याच्या दवाखान्यात न्यावे लागले त्या सालचा तो कागद होता. औषधपाण्यासाठी रक्कम मिळाली, असे त्यात लिहिले होते; रक्कम बरीच होती, आणि त्या साली आमच्या घरी बैल घ्यायचे राहिले ते का, याचा उलगडा चुलत्यांना तेव्हा झाला. खाली आबांनी एक कलम घातले होते: ‘सदर रकमेचा बांधाच्या दाव्याशी काही एक संबंध नाही. दावा कायम.’

दादा त्या आजारातून उठले, दोन तारखांना आले, आणि मग गेले. त्यानंतर आबांनी बांधाच्या बाजूला जाणेच सोडले. वारसांवर दावा चालवा असे वकिलाने सुचविले, तेव्हा ‘पोरांशी काय भांडायचं?’ एवढेच ते म्हणाले.

आबांच्या वारसांची नोंद घालण्यासाठी चुलत्यांनी तलाठ्याकडे अर्ज दिला, चावडीवर नोटीस लागली, आणि हरकतीची मुदत धावू लागली. गावात कोणाचीही नोंद होवो, तीवर हरकत घेणारे एकच गृहस्थ होते, आणि या खेपेस मयत या सदरात त्यांचेच नाव असल्यामुळे चावडीवर भलतीच शांतता होती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी दादांचा मुलगा आमच्या अंगणात आला. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलला, उसाचा, आवर्तनाचा विषय काढला, आणि मग टोपी हातात घेऊन चुलत्यांना हळूच म्हणाला, ‘तात्या, एक हरकत टाकू का? आबास्नी बरं वाटलं असतं.’

चुलत्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, ‘टाक. पण दोन प्रती कर.’