फाल्क्स ऊर्फ आजीचा इळा

मिलानहून मनीषनगरला.
आई-बाबांना,

फाल्क्स हा लॅटिन शब्द, अर्थ विळा. मराठीत विळा तो आणि विळी ती, पण फाल्क्स सगळ्याच स्त्रीलिंगी. नातवाचा शाळेतला एक गुण याच घोळात गेला. गवताची, फांद्यांची, द्राक्षवेलींची, रानातल्या झुडपांची अशी विशेषणे लावून रोमनांनी विळा, कोयता आणि आकडी एकाच शब्दात बसवली. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटोने मळ्याच्या अवजारांची यादी केली, तिच्यात हे प्रकार वेगवेगळे मोजलेले आहेत. व्हिडिओ कॉलवर हे सर्व ऐकून मनीषनगरातून आजीचा निकाल आला होता: “मंग इळाच म्हन ना सरळ!”

निकाल बरोबर आहे, फक्त वेलीच्या फाल्क्सपुढे इळा कमी पडतो. इ.स. पहिल्या शतकातल्या कोल्युमेलाने तिचे सहा भाग सांगितले आहेत. मुठीजवळची सुरी पुढे ढकलून कापायला, बाक ओढून कापायला, बाकापुढची धार तासायला, चोच कोरायला, टोक अडचणीतले साफ करायला आणि पाठीवरची छोटी कुऱ्हाड सरळ घाव घालायला. एका मुठीत सहा हत्यारे! काटोलकडे संत्र्याची सल काढणाऱ्यांनी ती एकदा तरी हातात घेऊन पाहावी.

रोममध्ये विळे करणाऱ्यांची गल्लीच होती. सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलिनाच्या कटवाल्यांची रात्रीची बैठक त्याच गल्लीतल्या एका घरात झाली, असे इ.स.पू. 63 मध्ये सिसेरोने भर सभेत सांगितले. आजच्या इटालियनमध्ये विळ्याला ‘फाल्चे’ म्हणतात. झुडपे तोडायच्या आकड्या कोयत्याला मात्र ‘रोंकोला’. त्याचे मूळ लॅटिन क्रियापद म्हणजे आपले निंदणे. वैद्यकात तर मेंदूच्या दोन अर्धांमधल्या विळ्याच्या आकाराच्या पडद्यालाही फाल्क्सच म्हणतात. म्हणजे ती प्रत्येकाच्या डोक्यात असते. इथल्या शेजाऱ्यांच्या आणि, बाबा मानोत न मानोत, तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्याही.

तुमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरच्या गाजरगवताला मात्र यातली एकही फाल्क्स लागत नाही. विळ्याने कापले की ते बुडातून पुन्हा फुटते. पाऊस पडून जमीन मऊ असताना, फुलायच्या आत, मुळासकट उपटून घ्यावे. हातमोजे घालावेत, आणि बाबांनी वाकू नये.